लहान पोटाचा आचारी

आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून माझी खोली होती. दारावर 'आहारतज्ज्ञ' अशी पाटी होती. ती वाचून कुणी आत आलं असेल असं मला वाटत नाही. लोक विचारत यायचे ते 'पथ्यवाली मॅडम कुठं बसते' असं. पथ्य म्हणजे काय खायचं नाही ते. त्यामुळे आत येणारा माणूस आधीच थोडा रुसलेला असायचा. आता ही बाई आपला भात बंद करणार, चहातली साखर काढणार, लग्नाला गेलं तर जिलेबीला हात लावू देणार नाही, अशी सगळी तक्रार चेहऱ्यावर घेऊनच तो खुर्चीत बसायचा.

खरं तर यवतमाळात माझं बरंचसं काम याच्या उलट होतं. लोकांना खायला लावणं. कापसाचे ते वाईट दिवस होते. पाऊस दगा द्यायचा, तो बरा झाला तर अळी यायची, अळीतून वाचलं तर भाव पडायचा. आणि घरात काटकसर सुरू झाली की पहिली कात्री बाईच्या ताटाला लागायची. रक्त कमी झालेल्या, पांढऱ्या नखांच्या बाया माझ्यासमोर बसून सांगायच्या, "जेवतो ना मॅडम, सगळ्याइचं झाल्यावर." त्यांना दाळ, शेंगदाणे, गूळ, भाजी हे सगळं त्यांच्याच घरात आहे आणि त्यांच्यासाठीही आहे, हे पटवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ते काम मला चांगलं जमत होतं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

अशा जिल्ह्यात, त्याच बाकावर, त्याच बायांच्या शेजारी पोट लहान करून घेतलेली माणसं येऊन बसू लागली, तेव्हा मलाच आधी चमत्कारिक वाटलं. ऑपरेशनं नागपूरला व्हायची. तिथले सर्जन आमच्या भागातले पेशंट पुढच्या देखरेखीसाठी माझ्याकडे पाठवायचे. कारण टाके निघाले की काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं.

बाहेरच्या माणसासाठी सोपं करून सांगते. जठर ही एक पिशवी असते. दुर्बिणीतून ऑपरेशन करून तिचा मोठा भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी. मग थोड्या घासांत पोट भरतं आणि भूकही कमी लागते. ज्याचं वजन जीवावर उठलंय, साखर आटोक्यात येत नाही, झोपेत श्वास अडकतो, त्याच्यासाठी हे वरदान आहे. पण सुरुवातीचे दिवस कठीण. आधी नुसतं पाणीदार, मग दाट, मग कुस्करलेलं, मग मऊ, असं लहान बाळासारखं चढत जायचं. पाणी घटाघटा प्यायचं नाही, घोट घोट प्यायचं, तेही जेवताना नाही. जरा घाई केली की छातीत दगड बसल्यासारखं होतं आणि तोंडाला फेस येतो. मधेच वजन उतरायचं थांबतं, तेव्हा माणसाला वाटतं की ऑपरेशन फसलं. पुढे केस गळतात. दारव्ह्याच्या एका शिक्षिकेनं गळलेले केस प्लास्टिकच्या पिशवीत भरून माझ्या टेबलावर ठेवले होते. "मोजा," म्हणाली. मी न मोजताच सांगितलं की परत येतील, आणि ते आले. उमरखेडचे एक दुकानदार मात्र दोनदा आले आणि मग यायचे थांबले ते थांबलेच. फोन केला की 'एकदम मजेत' म्हणायचे. त्यांचं पुढं काय झालं, ते मला आजही माहीत नाही. बरे झालेल्यांपेक्षा अशीच माणसं जास्त आठवतात.

पण सांगायचंय ते प्रल्हादभाऊंबद्दल.

प्रल्हादभाऊ बोरी अरबचे. लग्नाचे आचारी. आलू-वांग्याच्या भाजीसाठी त्यांचं नाव आसपासच्या सगळ्या गावांत होतं. तिची तर्री नुसती पाहून माणूस पंगतीत सरकून बसायचा. देह असा की माझ्या खोलीतल्या हाताच्या खुर्चीत ते मावले नाहीत, तपासणीच्या पलंगावर बसले. गुडघे गेले होते, साखर वाढलेली, भट्टीपुढं वाकलं की दम लागायचा. ऑपरेशन त्यांनी पौषात ठरवलं, कारण पौषात लग्नं नसतात. मला हे फार आवडलं. स्वतःच्या पोटाचीही तारीख त्यांनी धंद्याच्या हिशेबानं काढली होती.

"मॅडम, एकच विचारतो," ऑपरेशनसाठी नागपूरला जाण्याआधी ते म्हणाले. "चाखता येईन ना मले?"

"येईल की," मी म्हटलं. "फक्त वाटी रिकामी करता येणार नाही."

त्यांच्या बायकोचं, कांताबाईंचं, तोंड एवढंसं झालं होतं. उंचीनं बुटक्या, बोलायला स्पष्ट. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात लोकाइले खायाले पुरत नाई, आन आमी पोट कापाले पैसे देऊन राह्यलो. लोकं काय म्हनतीन?"

लोक म्हणायचं ते म्हणालेच. प्रल्हादभाऊ नागपूरहून परत आले तेव्हा अख्खं गाव पाहायला आलं. कुणी केळी आणली, कुणी बिस्किटं. ते घोटभर ताक घेऊन बसायचे आणि लोक त्यांच्या पोटाकडे पाहायचे. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "उपास केला असता तं फुकटात झालं असतं." हे सगळं त्यांनी मला हसत सांगितलं. पहिल्या खेपेला ते हसत होते. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे डावा खांदा दुखायचा, त्याला ते हार्ट अटॅक समजून घाबरले होते. तो गॅस आहे, चालल्यानं जाईल, असं सांगितल्यावर ते माझ्यासमोर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारून आले. मुगाच्या दाळीचं पाणी कसं घ्यायचं, दह्यात कधी जायचं, हे त्यांनी एकदा ऐकलं आणि मला परत म्हणून दाखवलं. स्वयंपाक्याला पाककृती एकदा सांगितली की पुरते.

दुसऱ्या खेपेला हसू कमी होतं. तिसऱ्या खेपेला ते खिडकीबाहेर पाहत बसले. वजन छान उतरत होतं, साखरेच्या गोळ्या जवळजवळ सुटल्या होत्या. मी विचारलं, काय त्रास आहे? म्हणाले, "काई नाई." उलट्या होतात का? "होतात जी कवा कवा." कशानं? खांदे उडवले. मी रक्त तपासायला सांगितलं, डॉक्टरांनी जीवनसत्त्वांची इंजेक्शनं सुरू केली. पण मला तो खिडकीकडे वळलेला चेहरा खटकला.

आणि मग एके दिवशी सकाळच्या एस.टी.नं कांताबाई एकट्याच आल्या. त्यांनी दार लावून घेतलं. आधी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मॅडम, थे बोलत नाईत," त्या म्हणाल्या. "मी फोडनी टाकली का थे उठून वावरात जाते. उनातानात एकटेच फिरते. जेवाले हाक मारली तं 'तुमी खा' म्हनते. रातच्याले जागेच रायते. गावात लोकं मले इचारून राह्यले, कर्ज हाये का म्हनून. कर्ज नाई आमच्यावर. पन मले भेव वाटते."

मग हळू आवाजात म्हणाल्या, "वावरातल्या खोलीत फवारनीचं औषद होतं. थे मी माह्या भावाच्या घरी नेऊन ठेवलं. त्याइले सांगितलं नाई."

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नव्हता. ज्या घरी तसं काही घडलं होतं, त्या घरची माणसं पुढं हेच सांगायची: बोलणं कमी झालं होतं, जेवण सुटलं होतं, एकटे फिरायचे. कांताबाईंनी ते गावात ऐकलेलं होतं. ऑपरेशनचा पेशंट बारीक होणारच, खाणार कमीच, हे त्यांना माहीत होतं. पण पथ्य कुठं संपतं आणि भीतीचं कारण कुठं सुरू होतं, हे त्यांना कळत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही लगेच कळलं नसतं. ऑपरेशननंतर कित्येकांचं मन खचतं. जेवण हाच ज्याचा विरंगुळा होता, त्याच्या हातातून तो एका दिवसात काढून घेतलेला असतो.

"वहिनी, तुम्ही केलं ते अगदी बरोबर केलं," मी म्हटलं. "औषध तिकडेच राहू द्या. त्यांना एकटं सोडू नका. आणि उद्याच घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी कांताबाईंना बाहेर बसवलं आणि प्रल्हादभाऊंना सरळ विचारलं. हा प्रश्न आडून विचारला तर माणूस आडूनच उत्तर देतो.

"भाऊ, जीव नकोसा झालाय का? जीव द्यावासा वाटतो का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा खिडकी सोडून.

"नाई जी मॅडम. मराचं असतं तं एवढं कापून कायले घेतलं असतं? जगाचं म्हनूनच तं केलं." मग म्हणाले, "पन सकाळी डोळे उघडले का वाटते, आजचा दिवस कायले उगवला."

ते 'नाही' म्हणाले म्हणून मी विषय सोडला नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर यायचे, त्यांच्याकडे त्यांना नेलं. पण त्याआधी, त्या पलंगावर बसून, त्यांनी मला सगळं सांगितलं.

फोडणीचा वास त्यांना सहन होत नव्हता. तेल तापलं, लसूण पडला, की पोट ढवळून यायचं. ज्या वासात त्यांचं आयुष्य गेलं, त्यानंच उलटी व्हायची. चवही बदलली होती. दाळ मातीसारखी लागायची, दूध अती गोड. "जीभच मेली मॅडम माही," ते म्हणाले. "लोकाइले वाटते, बारीक झाला, बरं झालं. मी आचारी हावो. जीभ गेल्यावर मी कोन हावो? थे सांगा."

आणि मुख्य गोष्ट पुढं होती. गावातल्याच एका मास्तरांच्या मुलीचं चैत्रात लग्न होतं. मास्तरांनी विश्वासानं सुपारी दिली होती, म्हणजे स्वयंपाकाचं काम त्यांना ठरवून दिलं होतं. त्या वर्षांत लग्नं आटली होती. बरीच सामूहिक मांडवात उरकली जात, जी घरी होत त्यांतही पदार्थ कमी झाले होते. अशात आलेलं हे घरचं, चांगलं काम. प्रल्हादभाऊ रोज ठरवायचे की आज जाऊन सुपारी परत करावी, आणि रोज मास्तरांच्या घरावरून तसेच पुढं जायचे. उन्हातान्हात फिरणं होतं ते हे.

मी कांताबाईंना आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर हे पुन्हा बोलायला लावलं. त्या ऐकत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायच्या आत त्या भांडायलाच लागल्या.

"हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याचं तुमी कवा चाखता?"

"काय?" प्रल्हादभाऊ म्हणाले.

"भंडाऱ्याचं, भंडाऱ्याचं. देवाले दाखवाच्या आंधी बोट तरी लावता का? गंजच्या गंज भाजी करता. कवा बिघडली?"

"थे देवाचं हाये."

"मंग देवाले अळनी चालते का?"

प्रल्हादभाऊ विचारात पडले. भंडाऱ्याची गंज भरून, म्हणजे मोठी पातेली भरून होणारी भाजी ते डोळ्यांनी आणि नाकानं करायचे, तेल कसं सुटतं, वांगं कसं दबतं यावरून. लग्नात मात्र पहिल्यापासून तळहातावर भाजी घेऊन, पुन्हा पुन्हा चाखून करायची सवय लागली होती.

"पन नाक कुठं हाये मले आता?" ते म्हणाले.

ते माझं काम होतं. मी सांगितलं, नाक गेलेलं नाही, ते घाबरलंय. असं पुष्कळांचं होतं आणि हळूहळू जातं. रिकाम्या, कोरड्या पोटी वास घेतला की मळमळ वाढते. आधी घोट घोट पाणी, दही, मग वास. घरातली चूल काही दिवस अंगणात आणायची. पहिल्यांदा नुसता सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चिरायला बसायचं. ते सोसलं की भाजलेलं जिरं. मग कांदा. तेल-लसूण सगळ्यात शेवटी, आणि तेही वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून. मळमळलं तर उठून जायचं, दुसऱ्या दिवशी परत बसायचं.

ते बसले. कांदा त्यांनी दोनदा अर्ध्यावर सोडला. लसणाच्या पहिल्या फोडणीला उलटी झाली, आणि कांताबाईंनी मला फोन करून ती बातमी अशी सांगितली जणू मुलगा नापास झालाय. मी म्हटलं, उद्या परत. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या, झोप लागू लागली होती. होळी उलटली आणि एके दिवशी प्रल्हादभाऊंचा स्वतःचा फोन आला. "मॅडम, आज वांगं जळलं थे मले घरात बसून समजलं." त्या आवाजातच मला सगळा रिपोर्ट मिळाला.

लग्नाला मी गेले. मास्तरांनी पत्रिका पाठवली होती, आणि प्रल्हादभाऊंनी बजावलं होतं, "तुमी येजा जी." चैत्रातलं आमचं ऊन काय असतं ते यवतमाळकरालाच ठाऊक. मांडवाच्या मागं भट्ट्या पेटल्या होत्या. ज्या माणसाला तांब्याभर पाणी घटाघटा पिता येत नाही, त्यानं तिथं उभं राहायचं. म्हणून कांताबाई पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या सावलीसारख्या फिरत होत्या आणि दर थोड्या वेळानं एक घोट पाजत होत्या. शर्ट अंगावर झुलत होता. पण हातात झारा होता, आणि मदतनीस बायांना कांदा असा नाही, तसा चिरा, म्हणून सांगणं चाललं होतं.

फोडणी पडली तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान थोडी वळवली, श्वास सोडला, परत वळले. गंज भरला. तेल सुटल्यावर त्यांनी मुठीनं मीठ टाकलं, वाफ नाकाशी घेतली आणि म्हणाले, "उतरवा."

पहिली पंगत बसली. थोड्याच वेळात मांडवातून आवाज आला, "मीठ आना बरं जरा." मग दुसरीकडून, "इकडेबी." वाढपी मिठाची वाटी घेऊन पळाला.

प्रल्हादभाऊंची कानशिलं लाल झाली. मीठ कोणत्या दुकानचं आणलं, म्हणून ते मदतनिसावर ओरडले. मधे मधे पाणी पाजून घोटाळा केला, म्हणून कांताबाईंवर ओरडले. कांताबाई खाली मान घालून उभ्या होत्या, पण मला दिसलं की त्या गालात हसत होत्या. कित्येक आठवडे ज्या घरात आवाज नव्हता, तिथं राग परत आला होता. मलाही फार बरं वाटलं.

मग ते एकदम थांबले. उजवा हात समोर धरून त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बोटातली अंगठी दोरा गुंडाळून घट्ट केलेली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "मूठच बारकी झाली ना जी."

इतकी वर्षं ते मुठीच्या मापानं मीठ टाकत आले होते. माणूस उतरला, तशी त्याची मूठही उतरली. त्यात मीठ कमी मावणारच. मी माझ्या कामात सगळ्यांना सांगत आले होते की अंगठ्या सैल होतील, चपला सैल होतील. पण आचाऱ्याची मूठ सैल होईल हे मला कधी सुचलं नव्हतं. ते हसायला लागले. मीठ घालून भाजी पुन्हा एक उकळी आणली, जिभेच्या टोकावर थेंबभर रस ठेवला, तोंड वाकडं केलं, मग सरळ केलं. "जमलं," म्हणाले. दुसऱ्या पंगतीत मीठ कुणी मागितलं नाही. भाजी मात्र परत परत मागितली.

शेवटची पंगत काम करणाऱ्यांची. वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, मांडववाले. मास्तरांचे वडील, वयानं वाकलेले, मुद्दाम त्याच पंगतीला बसले, आणि त्यांच्या आग्रहानं मीही. प्रल्हादभाऊ नको नको म्हणत होते, त्यांना आजोबांनी हाताला धरून शेजारी बसवलं. त्यांच्या पत्रावळीवर कांताबाईंनी मऊ शिजलेल्या वांग्याची एक फोड, थोडी दाळ आणि दही वाढलं. ते मी सांगितल्याप्रमाणे एकेक घास चावत होते, आणि तसं चावायला वेळ लागतो. बाकीच्यांची जेवणं झाली. पत्रावळींवरचे हात वाळायला लागले.

आमच्याकडे पंगतीची रीत आहे, शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठत नाही. प्रल्हादभाऊंनी मान वर करून रांगेकडे पाहिलं आणि घाईनं पत्रावळ पुढं सरकवायला लागले.

"बसा, बसा," आजोबा म्हणाले. "गाडी सुटून राह्यली का आपली?"

मग त्यांनी पलीकडच्या वाढप्याला विचारलं की औंदा पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावता का सोयाबीन. तो म्हणाला, पाऊस पाहून ठरवू. मांडववाला म्हणाला, पाऊसबी आपल्याले पाहूनच ठरवते. रांगेत बोलणं सुरू झालं, आणि कुणीही प्रल्हादभाऊंच्या ताटाकडे पाहत नव्हतं. त्यांनी दही संपवलं, वांग्याची उरलेली फोड संपवली, दाळ बोटानं पुसून घेतली. तेव्हा आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांच्यामागून अख्खी पंगत उठली.